पाच मीटर चाळीस

आनिबाल एचेवेर्री गेला, त्याला तीन आठवडे झाले.
त्याचा मायक्रोफोन पायमोज्यात गुंडाळून
नवा पोरगा घेऊन आला, दार्विन.
"बाई, हा खरखरतो. टाकून देऊ का?"

पायसांदूत, बंदराच्या वरच्या गल्लीत
माझं दुकान आहे. रेडिओ, पंखे, शेजारणींच्या इस्त्र्या.
टाकून द्यायचं काम मी करत नाही.
येर्बाचा तुंबा भरला, नळी ओठांत धरली
आणि जाळी फिरवली, उलटी.

जाळीला डावीकडे पोचा.
तो कधीचा, मला ठाऊक आहे.
पुराच्या वर्षी टेबलावरून पडला
तेव्हा सगळं गाव ऐकत होतं:
एक दणका, एक शिवी, मग
"नदीची पातळी सात मीटर दहा."

जाळीखाली स्पंज. वास घेतला.
काळी तंबाखू, आणि चाळीस वर्षांचे
प, ब, त्यांचे सगळे फुत्कार.
श्वास अडवायचा, शब्द सोडायचा,
एवढंच याचं काम.
माझ्या नवऱ्याला ते कधी जमलं नाही.

त्याखाली पापुद्रा.
दार्विनला म्हटलं, जवळ ये, पण बोलू नकोस.
आरपार दिसणारा, कडेला बारीक चुण्या,
आणि पाठीला चिकटलेलं तांब्याच्या तारेचं कडं.
तार अशी, की भिंग चढवूनही दिसत नाही,
चमकली तर कळते.
कडं उतरतं चुंबकाच्या पोटात, एका गोल फटीत.
आत कागदाएवढी मोकळीक,
बाहेर कागदाएवढी.
शिवायचं नाही. एवढा एकच नियम.
माणूस बोलतो, पापुद्रा थरथरतो,
कडं पुढेमागे हलतं
आणि कुठेही न टेकता
तारेत वीज उठते,
मुंगीनेही अंग चोरू नये इतकी.

"बॅटरी कुठे मग?"
बॅटरी नाही रे. भिंतीतूनही काही येत नाही.
पुढची यंत्रं वाढवतात, वाढवोत बापडी,
पण पहिली ठिणगी बोलणाऱ्याच्या छातीतली.
रोज पहाटे सहाला, दाढी न करता,
आनिबाल ती पाडायचा
बैलांच्या भावांनी, मेलेल्यांच्या नावांनी, नदीने.
दार्विनने नकळत
स्वतःच्या बरगड्यांवर हात ठेवला.

खरखर सापडली.
फटीत लोखंडाचा कीस, तिळाच्या चतकोर.
चुंबकच तो,
दारी येईल त्याला नाही म्हणत नाही.
चिकटपट्टीचं टोक कापलं, निमुळतं,
श्वास धरला,
आणि काढला.

मग एक गोष्ट केली, करू नये अशी.
दार्विनच्या फोनमध्ये
आनिबालचं शेवटचं बातमीपत्र होतं.
फोनची तार माइकच्या बुडाला जोडली.
रस्ता उलटाही चालतो:
वीज पाठवा, कडं हलेल,
कडं हललं की पापुद्रा.
आवाज अगदी बारीक ठेवून
पोचा पडलेल्या तोंडाला कान लावला.

डासाएवढा. पत्र्याच्या डब्यातला.
"...पाच मीटर चाळीस. उतरतेय."

"बाई, याला आठवतंय!"
नाही, पोरा. याला काही आठवत नाही.
पापुद्र्यावर काही उमटत नाही,
चुंबक काही साठवत नाही.
थरथरला की संपलं.
साठवत बसला असता
तर दुसऱ्याच दिवशी मुका झाला असता.

हे म्हणून झाल्यावर
मी तो पुन्हा कानाशी नेला. त्याने पाहिलं नसावं.

जाळी बसवली. पोचा काढता आला असता,
राहू दिला.
तार छोट्या रेडिओला लावून म्हटलं, बोल.
"काय बोलू?"
नदी किती आहे आज?

त्याला माहीत नव्हतं.
कान लाल झाले त्याचे.
पैसे टेबलावर ठेवले, वीस जास्तच,
माइक पुन्हा मोज्यात घातला
आणि स्टेशनच्या रस्त्याला न लागता
उताराने खाली गेला,
धक्क्याच्या खांबावर
आकडे रंगवलेत, तिकडे.