चाळणीखालची

सकाळपासून बॉल मिल फिरते आहे.
आत पोलादी गोळे, आणि दोन पोती वाळू,
पारगावच्या भीमेची.
पीठ होईपर्यंत थांबवू नका,
तांबोळी मॅडम सांगून गेल्यात.
मी कानात कापूस घालून बसलोय.

ही वाळू माझ्या ओळखीची.
कॉलेजात लॅब अटेंडंट व्हायच्या आधी
छातीइतक्या पाण्यात उभा राहून हीच काढायचो,
घमेलं घमेलं.
जाड ती ट्रकमध्ये, पुण्याला.
चाळणीखालची परत नदीत.
चुकून आली तर गवंडी आईवरून शिव्या द्यायचे:
ही काय वाळू आहे? प्लास्टर धरंल का?

आता तीच दळून
सिमेंटच्या जागी बसवायची.
शंभरात दहा, वीस, तीस.
तळहातावर बसतील एवढे ठोकळे,
त्यांवर मी खडूने आकडे घालतो,
ते पाण्यात पुसतात, म्हणून मग खिळ्याने कोरतो,
आणि टाकीत सोडतो.

मॅडमचे वडील कोंढव्यात प्लास्टर करायचे.
बोटांच्या पेरांत चिरा. रात्री खोबरेल तेल.
एकदाच बोलल्या, डबा उघडता उघडता:
सिमेंट थोडं कमी असतं तर...
मग म्हणाल्या, शितोळे, लोणचं घ्या ना.

अठ्ठाविसावा दिवस.
मशीनखाली पहिला ठोकळा, नुसत्या सिमेंटचा,
फुटला तो फटाक्यासारखा.
दहावाल्याने जवळजवळ तेवढंच ओझं पेललं.
वीस जरा आधी खचला.
तीसवाला, खोटं कशाला बोलू,
चहात पडलेल्या बिस्किटासारखा.
म्हटलं, हा पण लिहायचा?
त्या म्हणाल्या, हा तर आधी लिहा.

मी विचारलंच मग:
सगळ्यांनीच दळायला घेतली, तर नदीचं काय?
तिच्या बदल्यात काय घालायचं, आणि किती टक्के?
मॅडम रजिस्टरकडे बघत राहिल्या.
पेनाचं टोपण लावलं. काढलं.
आपल्याला जाड नको, म्हणाल्या,
तुम्ही फेकत होता तेवढीच पुरे.
पण आवाज लहान होता, मिल बंद असूनही.

संध्याकाळी तुकडे भरताना
दहावाल्याची फुटकी बाजू
खिडकीच्या उजेडात धरली.
अंगठ्याने चाचपली.
माझी वाळू कुठे दिसेना.
म्हणजे लागली असावी.

एक तुकडा खिशात टाकला.
बाकीचे जिन्यामागच्या ढिगावर.