चाळीस पौंड

मंगळवारी, शाखा बंद व्हायच्या बेतात असताना
स्ट्रुअन बुकन आला. बूट दाराशी पुसले, दोनदा.
अंगाला मॅकरेलचा वास. तो पुसून जात नाही,
पीटरहेडमध्ये त्याला कुणी नाकही मुरडत नाही.
कडेवर आयली, सात महिन्यांची,
साखळीला बांधलेल्या पेनाकडे झेपावणारी.

"हिच्या नावाचं खातं," तो म्हणाला. "ते करमुक्तवालं."

मी माझं पाठांतर सुरू केलं:
व्याजावर कर नाही, वाढीवर कर नाही,
भर कुणीही घालावी, आजीनं, शेजाऱ्यानं,
वर्षाची मर्यादा तेवढी सांभाळून.
अठरा पूर्ण झाली की पैसे तिचे.

तो खिडकीबाहेर बघत होता.
समोर सट्ट्याचं दुकान, हिरवी पाटी,
पडद्यावर घोड्यांची नावं धावत होती.

"आणि मला काढता येतील?"
नाही.
"बोटीचं इंजिन बसलं तर?"
नाही.
"मी इथं येऊन रडलो तर? तुमच्यावर ओरडलो?"
मी फॉर्म उगाचच उलटून वाचला.
मूलच आजारी पडलं, बरं न होण्यासारखं, तर.
त्यानं तळव्यानं लेकीचा कान झाकला.

मग म्हणाला, "छान. हेच हवंय."

बावीस वर्षं या खुर्चीत काढली.
कुंपणानं शेत खाल्लेलं पुष्कळ पाहिलं.
कुंपणच येऊन म्हणतं, मला बाहेर काढा,
हे पहिल्यांदा.

कराचं त्याला काहीच पडलं नव्हतं.

खिशातून दोन नोटा निघाल्या, मिठानं कडक झालेल्या.
त्यांच्याबरोबर एक गुलाबी चिठ्ठी; आयलीनं ती झटकन
तोंडात घातली. त्यानं बोट घालून हळूच काढली,
चोळामोळा केली, टोपली शोधली,
टोपली माझ्या बाजूला होती. मी हात पुढे केला.

'मुलाशी नातं' या रकान्यात
त्यानं इतकं दाबून लिहिलं
की खालच्या पानावरही उमटलं.

बाहेर फुटपाथच्या कडेला तो थांबला.
डावीकडे बंदर, समोर ती पाटी.
मध्ये बर्फाचा ट्रक आला, बराच लांब होता.
ट्रक गेल्यावर फुटपाथ रिकामा.

तो कुठं वळला, मला ठाऊक नाही.
चाळीस पौंड आत गेले, ते मी पाहिलं.