भट्टीचं तोंड किती असावं

माझगावची बेकरी मोडली तेव्हा
पास्कूने भट्टीच्या विटा मागून घेतल्या.
फुकट नव्हत्या. चारशे बारा नग,
टेम्पोचं भाडं निराळं, आणि मार्व्याच्या धक्क्यावर
बोटवाल्याने विटेमागे रुपया लावला.
एका अंगाने काळ्या, काचेसारख्या चकाकणाऱ्या,
दुसऱ्या अंगाने अजून गुलाबी,
कालच भाजल्यासारख्या.

मनोरीत आमच्या घराला मीटर नाही.
अर्जाची फाईल कांदिवलीला आहे, तिथे ती सुखी असावी.
छपरावरचे चार पत्रे ऊन गोळा करतात,
त्यात दोन दिवे, एक पंखा, एक फोन.
विहिरीला रहाट.
भाकरीचं भागत होतं. पाव मात्र खाडीपलीकडून यायचा,
ओहोटी लागली की यायचा नाही.

सासरे, कैतान डिमेलो,
त्याच बेकरीत एकतीस वर्षं लांब फळीने पाव ओढायचे.
आम्ही चौकटीच्या कागदावर नकाशा काढला,
तो त्यांनी उलटा केला आणि त्यावर सुपारी कातरली.
"तोंड घुमटाच्या निम्म्याहून थोडं उंच."
थोडं म्हणजे किती?
कोपरापासून मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत.
त्यांच्या. पास्कूचा हात लांब आहे,
दोनदा तोडावं लागलं.

तळाला फुटक्या बाटल्या, त्यावर मीठ, त्यावर वाळू.
बाटल्या शोधाव्या लागल्या नाहीत,
डिसेंबर नुकताच किनाऱ्यावर येऊन गेला होता.

मग वाळूचा डोंगर. त्यावर ओली वर्तमानपत्रं,
त्यावर विटा, चिखल, भाताचं तूस, थोडा गूळ.
गुळाला मुंग्या आल्या, त्याही लिंपल्या गेल्या.
शेंड्याची वीट काही बसेना.
कापायचं मशीन चालेल एवढी वीज नाही,
मी छिन्नी घेऊन बसले.
सात फुटल्या.
आठवी फुटली ती बरोबर फुटली.

आठवड्याने वाळू उपसायची.
त्या तोंडातून आत जाईल असं घरात एकच माणूस,
रुफीना, वय सहा.
करवंटीने वाळू ओढत ओढत ती शिरली,
मग नुसते तळवे बाहेर. मग तेही नाहीत.
आतून आवाज आला, एखाद्या मोठ्या बाईचा:
"इथे छपरावर लिहिलंय!"
काय लिहिलंय गं?
"स-मु-द्र... द-र्श-नी... दोन बेडरूम...
ताबा दि-वा-ळी-त."
सासरे हसले. हसताना त्यांना खाली बसावं लागतं.

पाच दिवस नुसता धूर दाखवला,
सुरूचं काटकूट, नारळाची सोडणं.
घुमटाला घाम फुटला. मग एक चीर,
शेंड्यापासून डाव्या कुशीपर्यंत.
मी चिखल कालवायला उठले.
"बस. चीर गेली नाही ती भट्टी अजून तापलेलीच नाही."
सहाव्या दिवशी खरा जाळ.
दोन्ही बेडरूम जळाल्या.

निखारे कडेला ओढून सासऱ्यांनी हात आत घातला
आणि मोजू लागले.
आठाला ओढावा लागला तर पाव टाकायचा,
हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं.
नऊ. दहा. अकरा.
हात तसाच.
"थंड आहे," ते म्हणाले.
बाहेर उभ्या पास्कूच्या कपाळावर घाम होता.
कुणी काही बोललं नाही.
त्यांनी हात काढला, कोपरापर्यंत लाल,
आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पाहिला.

मग मी घातला.
पाचाला ओढला.
"पाच," मी म्हणाले.
"मग थांब थोडं," ते म्हणाले. आणि जरा वेळाने,
"मोज परत. तूच मोज."

ताडीवर फुगवलेलं पीठ,
पहिला घाणा बुडाला करपला, मधे कच्चा.
कुत्र्याने हुंगून सोडला.
दुसरा आम्ही उभ्याउभ्या संपवला, मीठ विसरलं होतं.
पलीकडे शहराचे सगळे दिवे लागलेले.

रात्री उशीवर हात ठेवला तेव्हा कळलं,
मनगटावरची लव गेली होती,
आणि वास जात नव्हता.