नमुना ०४१७

गुरुवारी वीज जाते तेव्हा
मी वजा ऐंशीच्या फ्रीझरपाशी उभा राहतो
जनरेटरचा पहिला ठसका ऐकू येईपर्यंत.
बावीस सेकंद. कधी तीस.

आत साडेतीन हजार माणसं आहेत,
करंगळीएवढ्या नळ्यांत, झाकणं निळी.
नावं नाहीत. नावांची वही वेगळ्या कपाटात,
कपाटाची किल्ली बाईंकडे,
आणि बाई निवृत्त होऊन बाणेरला.
ह्याला आमच्यात गोपनीयता म्हणतात.

०४१७ मात्र मला वहीशिवाय ठाऊक आहे.
सुई टोचणारा मीच होतो, नवा, हात थरथरणारा,
जनता वसाहतीच्या समाजमंदिरात, चटईवर.
संमतिपत्र वाचून दाखवलं, पाच पानं:
'सहभागी व्यक्ती', 'अनुषंगिक', 'भविष्यातील संशोधनार्थ'.
गुणाबाई कुचेकर शेवटपर्यंत ऐकत होती.
मग अंगठा शाईवर टेकवत तिनं विचारलं,
"रक्त परत कधी देणार?"
आम्ही हसलो. डॉक्टरही हसले.
तीही हसली, आम्ही हसलो म्हणून.

ह्याला सोळा वर्षं झाली.
आता एका कंपनीला त्याच नळ्या हव्यात,
वेगळ्याच कामासाठी. पैसे बरे आहेत,
गळक्या छताचंही त्यात भागेल.
नीतिसमिती बसली. पोह्यांच्या बश्या,
एक वकील, एक समाजसेविका,
मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक,
आणि चौथ्या पानावरच्या एका शब्दावर तासभर घासाघीस:
'भविष्यातील' म्हणजे नेमकं किती पुढचं?
प्राध्यापक म्हणाले, व्याकरणाच्या दृष्टीनं, कितीही.
शेवटी ठरलं, शक्य असेल तिथे पुन्हा विचारावं.
शक्य असेल तिथे, म्हणजे मी.

पर्वतीच्या पायथ्याशी गल्ल्यांना नुसते आकडे,
आमच्या नळ्यांसारखेच.
पण इथे आकड्यामागे माणूस सापडतो.
"कुचेकरीण? गिरणीच्या वर, जिना जपून चढा."
ती दारातच बसली होती, लसूण सोलत.
मी ओळख दिली. नवं पत्रक काढलं,
आता दोनच पानं, मोठा टाइप, सोपे शब्द,
आम्हीही शिकलोय काहीबाही.
"म्हणजे इतकी वर्षं थंडीत ठेवलंत मला?
तरीच," म्हणाली, "पाय गार पडायचे."
मी हसायच्या बेतात होतो. मग पाय पाहिले.
डाव्या पायाला तीनच बोटं.
"साखर. सहा वर्षांमागं कळलं,
जखम चिघळली तेव्हा."

दोनशे चौऱ्याऐंशी.
तो आकडा मी स्वतः टाइप केला होता,
नाव नसलेल्या रकान्यात, रात्री साडेनऊला.
कळवायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं.
कळवायचं, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.
आलेख देखणा आला होता.
वर चढत गेलेल्या ठिपक्यांत
अगदी टोकाशी एक ठिपका होता,
परिषदेत त्याच्यावर लाल प्रकाश पाडून
डॉक्टर म्हणाले होते, हा पाहा, हा किती बोलका आहे.
निबंध छापून आला. पेढे मीच आणले.

"मग," लसूण न थांबवता तिनं विचारलं,
"काय निघालं होतं त्या रक्तात?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
खाली गिरणी सुरू झाली, जिना थरथरला,
पिठाचा बारीक धूर दारापर्यंत आला.
"कागद दे तो इकडं," म्हणाली,
आणि दुसरं पान गुडघ्याशी पसरून
त्यावर सालं टाकू लागली.

उरलेलं पान माझ्या खणात आहे.
खाली तीन चौकोन:
होय. नाही. संपर्क होऊ शकला नाही.
समितीला सोमवारपर्यंत हवंय.
पेन पहिल्या चौकोनापाशी नेतो, दुसऱ्यापाशी नेतो,
तिसऱ्यापाशी ते जरा जास्त वेळ थांबतं.
आणि पंखा मंदावतो, दिवे जातात,
फ्रीझरचा गजर वाजू लागतो.
मी उठतो, मोजू लागतो.