गुडघे

तोर्शाव्हनमध्ये चारलाच दिवस आटोपतो,
म्हणून भुतांची पुस्तकं नोव्हेंबरातच करावीत.
मी लिहिलं : काळाकुट्ट अंधार होता.
रान्वाने ओळ खोडली.
अंधार माझ्याकडे बाटलीभर आहे, म्हणाली,
तू फक्त आवाज दे.
मी दिला : कर्रर्र.

मग भूत.
पहिलं फारच भूत झालं.
दुसरं नुसतीच उशी.
तिसरं शेजारच्या बार्दुरला दाखवलं, वय वर्षं पाच.
नाक ओढत त्याने बराच वेळ पाहिलं.
'ह्याला गुडघे कुठेत?
मग हा जिना कसा चढतो?'

आम्ही एकमेकींकडे बघितलं.
रान्वाने गुडघे काढले, हाडकुळे,
एकावर चिकटपट्टी,
आणि बार्दुर असा काही खिदळला
की पेला कलंडून सातव्या पानावर दुधाचं तळं.
ते ठेवलं तसंच.
भूत आता त्यात पाय सोडून बसतं.

रात्री पावणेबाराला दिवा मालवला.
रान्वा केव्हाच घरी गेलेली,
बाहेर वारा पत्र्याशी हुज्जत घालत होता.
आणि खालून, लाकडी जिन्यावर,
कुणीतरी थांबत, दम खात,
कर्रर्र.

पायरी नव्हे.
गुडघा.