फुली

जुन्या बाजारात, मोडक्या वजनकाट्याशेजारी,
बिजागऱ्यांच्या डब्यात सापडलं हे कार्ड.
वीस म्हणाला, बाराला दिलं.

पाचगणी.
उताराला चिकटलेली कौलं,
वर टेबललँडची कड, पाटा घातल्यासारखी सपाट.
खाली दरी. तिला रंगाऱ्याने रंगच दिला नाही,
कृष्णा आहे, पण ओरखड्याएवढी.
आभाळ मात्र ढळढळीत,
आमच्या घरच्या निळीची पुडी सांडल्यासारखं.

आणि दवाखान्याच्या उतारावर गुलाबी ठिपके.
पाहणारा म्हणेल, वा, फुलं!
मी परटाच्या घरातली.
मला ठाऊक आहे तिथे काय असायचं.

येसूआत्या पहाटे भट्टी लावायची.
डागाची चादर आधी गार पाण्यात.
"गरम पाण्यात रगत शिजतं पोरी,
मंग जात न्हाई."
मग सोडा, मग उकळी, मग उतारावर पसरायच्या,
चार कोपऱ्यांना चार दगड,
दांडेघरकडनं वारा असला तर पाच.

कुठल्याशा शहरात, इथे कधी न आलेल्या माणसाने
कुंचला बुडवला
आणि अख्ख्या वॉर्डाचा बगीचा करून टाकला.

एका खिडकीवर काळ्या शाईची फुली.
मागे गुजराती.
वाईच्या कापडवाल्या चंपकशेठनी
चष्मा कपाळावर चढवून, कार्ड नाकाशी धरून वाचलं:
खोरशेद, फुली आहे तिथे मी.
हवा चांगली. वजन दीड रतल वाढलं.
गुलाबी दिसतं ते खरं धरू नकोस,
त्या आमच्या चादरी. त्यातली एखादी माझी समज.

पत्ता आहे. तिकीट नाही, शिक्का नाही.
सही जाल असावी, शेठ म्हणाले,
शाई फुटलीय.
मग गिऱ्हाईक आलं, ते मांजरपाट मोजायला उठले.

आत्याला अक्षर येत नव्हतं. मोजता यायचं.
सोमवारी चाळीस पोचवल्या
आणि गुरुवारी एकोणचाळीस आल्या धुवायला,
तर ती विचारायची नाही, एक कुठे म्हणून.
मागच्या खड्ड्यातला धूर तिनेही पाहिलेला असायचा.
भट्टीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या,
त्यातली एक ओल्या अंगठ्याने पुसायची,
आणि पुढची चादर उचलायची.

रात्री भिंग घेऊन बसले.
ठिपके मोजले. एकोणचाळीस.
पुन्हा मोजले, वरून खाली, रांगेने, बोट ठेवून.
एकोणचाळीसच.

एक त्या सिल्व्हर ओकच्या मागे असेल.
किंवा त्या दिवशी थंडी फार असेल,
बोटं वळत नसतील,
आणि आत्याने शेवटची एक
तशीच न पिळता ठेवली असेल बादलीत,
ऊन वर येईपर्यंत.