अधिक सी

फळ्याचा खालचा दीड हात जुन्या पुरात फुगलेला,
तिथं खडू उमटायचा नाही.
सांगलीच्या गावभागातली ती खोली,
शेजारी पिठाची गिरणी, आत आम्ही अकरा जण
आणि शिकलगार सर,
ज्यांच्या बाहीवर पीठ कुठलं नि खडू कुठला
हे कधीच वेगळं करता आलं नाही.

सर गणित अगदी वरून सुरू करत,
उतरत उतरत कमरेपाशी येत,
आणि संकलनाची शेवटची ओळ नेमकी फुगवट्यात पडे.
'अधिक सी' असं तोंडानं म्हणत,
खडू नुसताच खरखरे.
आम्ही दिसलं तेवढं उतरवून घेतलं.
चाचणीत अकरापैकी नऊ जणांचा स्थिरांक गायब.
सुकुमार मगदूमनं सरांनाच विचारलं,
फळ्यावर नाही ते वहीत कुठनं आणू?

अण्णा मार्केट यार्डात हळदीची पोती चढवायचे.
त्यांना एकदा पुस्तकातलं गणित वाचून दाखवलं:
तीस अंशांची फळी, पन्नास किलोचं पोतं,
वजन नसलेली कप्पी, न ताणणारी दोरी.
"असली दोरी मिळती कुठं? दोन आण मला."
मग पिवळ्या मानेवरून हात फिरवत,
"आणि चढवणारा कुठाय ह्यात?"
तो म्हणजे बल, मी म्हटलं. हा बघा, बाण काढलाय.
अण्णांनी बाण बराच वेळ बघितला.
"जरा वाकलेला काढ," म्हणाले.

मी अडायचे ती संभाव्यतेत.
पिशवीत लाल चेंडू सात, काळे पाच,
इथवर ठीक.
मग यायचं 'दिले असता'.
पहिला चेंडू काळा निघाला, हे दिले असता.
सर म्हणत, घडलेलं घडलंच नाही असं धरून मोजू नकोस,
पिशवी आता तीच राहिलेली नाही.
ते मला कळलं ऑगस्टात,
कृष्णा टिळक चौकात आली,
हे दिले असता.

त्या रात्री सर गल्लीच्या तोंडाशी.
विजेच्या खांबाला बांधलेली वर्गातली लाकडी पट्टी,
काखेत बॅटरी, पिशवीत गुंडाळलेली वही.
नऊ वाजता, तासाला सात इंच.
दहाला पाच. अकराला चार.
बाराला साडेतीन.
अण्णा डबे, गाद्या, आईचं शिलाई मशीन
माळ्यावर चढवून दारात आले.
"वाढतंय," सर म्हणाले, "पण वाढणं घटतंय."
"म्हंजे उतरतंय?"
"नाही."
"मग वाढतंय."
"हो, पण..."
त्या पण-ला आमच्या गल्लीत शब्द नव्हता.
मला ठाऊक होता. दुसरा विकलज, ऋण.
कुणाला सांगितला नाही,
खडीसाखरेसारखा गालात धरून ठेवला.

पहाटे चारच्या सुमाराला
पट्टीवर एकच खूण दोनदा वाचली गेली.
चढ शून्य.
गिरणीच्या पत्र्यावर एक कुत्रं, तेही गप्प.
सर म्हणाले, "कमाल."
अण्णांना वाटलं, कौतुकानं म्हणाले.
"व्हय," म्हणाले, "कमालच."

दसऱ्यानंतर वर्ग पुन्हा भरला.
फुगवटा आणखी वीतभर वर चढलेला,
सरांचं गणित आणखी आखूड.
शेवटच्या तीन ओळी आता आमच्या आम्हीच.

घरी मी तासातासाचे आकडे मांडून
पाण्याची उंची काढायला बसले.
"किती आलंवतं?" अण्णांनी विचारलं.
वेग सगळा आहे, मी म्हटलं,
पण सुरुवात कुठनं झाली ते वेगाला माहीत नसतं.
त्याला सी म्हणतात.
अण्णा उठले. भिंतीची ओल चाचपत वाकले.
"आठ वाजता मशीन उचललं,
तवा पाणी पायडलला टेकलं होतं. हितं."
हळदीचं बोट पोपड्यावर दाबलं.
"धर हितनं."

मी पट्टी आणायला धावले.
ती अजून खांबालाच बांधलेली होती.